दाजींना निवृत्त करणारं कलम

ती. ताईस,

धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत ठणठणीत आहे, म्हणजे पित्त, पाठ आणि झोप सोडून बाकी सगळं ठीक. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. (दोन गल्ल्या ओलांडून तुझ्या दारात यायला तोंड नाही, हे दुसरं कारण.) फाडायचं असेल तर निदान वाचून फाड.

कारखान्याच्या फाटकावर काय झालं ते दाजींनी तुला कितपत सांगितलंय, कोण जाणे. तुझा नवरा बोलून बोलून बोलणार किती? बावीस वर्षं आम्ही दोघांनी शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चालवलं, पण एका ओळीचा कागद कधी केला नाही. दाजी मशीनला कान लावून दुखणं ओळखायचे, मी स्क्रू पिळायचो आणि गिऱ्हाइकांशी बडबडायचो, एवढीच काय ती आमची भागीदारी. मग त्या गणवेश शिवणाऱ्या कारखान्याने आपली सगळी मशीनं वर्षभर देखभालीसाठी आमच्याकडे सोपवायची ठरवली, आणि त्यासाठी आमचा लेखी भागीदारी करार मागितला.

वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, दोघं मिळून या, काही गोष्टी विचाराव्या लागतील. एकाला काम झेपेनासं झालं तर काय, पटेनासं झालं तर काय, एक जण गेला तर दुकान कुणाचं. ताई, दाजींच्या शेजारच्या खुर्चीत बसून हे कसं ऐकायचं? आठवड्याभराने येतो म्हणालो आणि सटकलो.

मग मोबाइलमधल्या त्या एआयला शरण गेलो. फार गोड बोलतो गं तो. पहिल्याच वाक्यात म्हणाला, तुमचा प्रश्न अतिशय विचारपूर्ण आहे. (आपल्या घराण्यात माझ्याबद्दल असं कुणी म्हटल्याचं तुला आठवतंय का?) मी हुरळलो. सांगितलं, मोठ्या कंपन्यांत असतो तसा करार लिही, काही म्हणजे काही सोडू नकोस, आणि आमच्या दाजींना वाईट वाटणार नाही अशी भाषा ठेव. मी पाणी पिऊन येतो तोवर एक्केचाळीस पानं तयार. समुद्रात वादळ झालं तर जबाबदारी कुणाची, हेही त्यात होतं. भांडण झालं तर निवाडा कुठल्या शहरात व्हायचा, तेही होतं. ते शहर मला नकाशात अजून सापडलेलं नाही. दाजींनी तो गठ्ठा हातात घेऊन मी वाचलाय का एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी सही केली, पेन मला परत दिलं आणि एका मशीनचा पट्टा बदलायला बसले.

एक्केचाळीस पानं कुणी वाचतं का? त्या कारखान्याच्या ऑफिसातल्या बाई वाचतात. खांद्याच्या ऑपरेशनमुळे दाजी त्रेसष्ट दिवस घरी होते, आणि बाईंनी कलम सतरा काढलं: जो भागीदार सलग साठ दिवस कामावर येणार नाही, तो सन्मानपूर्वक निवृत्त झाल्याचे मानण्यात येईल. (वाईट वाटणार नाही अशी भाषा ती हीच.) कलम अठरा म्हणतं, निवृत्त भागीदाराने तीन वर्षं या धंद्यातलं कुठलंही काम करू नये. म्हणजे दाजींनी तुझ्या घरच्या मशीनला तेल घातलं तरी करारभंग.

त्या सकाळी आम्ही दोघं बरोबरच कारखान्यावर गेलो होतो. दाजी इतक्या दिवसांनी कामाला निघालेले, इस्त्रीचा शर्ट घालून. रखवालदाराने मला आत सोडलं आणि त्यांना थांबवलं; यादीत नाव नाही म्हणाला. बाई स्वतः खाली आल्या, बिचाऱ्या अदबीने बोलल्या, आणि कागद पुढे केला. दाजींनी चष्मा लावून तिथेच उभ्याउभ्या कलम सतरा वाचलं, आयुष्यात पहिल्यांदा. मग हत्यारांची पिशवी माझ्या हातात दिली.

"छान लिहिलंय," म्हणाले. "सन्मानपूर्वक."

आणि चालत बसथांब्याकडे गेले. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारणार होतो?

वकिलांकडे पुन्हा गेलो तेव्हा ते आधी पोट धरून हसले. करारात ज्या कायद्याचा आधार दिलाय, तो कायदाच अस्तित्वात नाही म्हणे. मी एआयला जाब विचारला, तर त्याने मनापासून माफी मागितली आणि दुसरा कायदा सांगितला. वकिलांनी शोधलं, तोही नाही. मग त्यांचं हसू थांबलं. कायदा खोटा असला तरी सह्या खऱ्या आहेत, म्हणाले. दोघांनी येऊन हा कागद रद्द करायचा, नवा करायचा, तासाभराचं काम आहे.

पण दाजी दुकानाकडे फिरकत नाहीत. काल एक मशीन आलं, टाके सोडत होतं. मी बराच वेळ कान लावून बसलो. मला नुसती खटखट ऐकू आली. फार एकटं वाटतं गं.

तुझा,
धाकटा

ता. क. गुरुवारी अकराला वकिलांनी वेळ दिली आहे. काहीही कर, पण दाजींना घेऊन ये. या वेळी ते सगळे प्रश्न मी त्यांच्या शेजारी बसून ऐकेन.

ता. क. २. वर मी सगळं त्या एआयच्या माथी मारलंय. बाकीची पानं नसतील वाचली, पण कलम सतरा मी वाचलं होतं. दाजींचा हात थरथरतो हे मला करार केला त्याच महिन्यात दिसलं होतं. त्यांनी दुरुस्त केलेली दोन मशीनं, ते जेवायला घरी गेल्यावर, मी गुपचूप पुन्हा उघडली होती. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. वाटलं, कधीतरी कागदच सांगेल. म्हणून ते कलम खोडलं नाही. एवढा मजकूर त्यांना वाचून दाखवू नकोस.

ता. क. ३. दाखव. मी समोर असताना नको, पण गुरुवारच्या आधी.