एकीसाठी सगळ्यांना रगडा

७ एप्रिल, सोमवार

पुन्हा तीच शेवटची! आम्ही सगळ्या फेऱ्या संपवून उभ्या, आणि बुद्धप्रिया अजून टाकीपाशी लंगडतेय. कवायतीच्या उस्तादांनी शिट्टी मारली — अख्ख्या स्क्वॉडला रगडा. कोपरांवर सरपटत, तापलेल्या मातीत. लातूरचं ऊन! कोपरं सोलून निघाली. चन्नबसप्पा उस्तादांचा नियमच तो: एक चुकली की सगळ्यांना शिक्षा, आणि चुकणारीने बाजूला उभं राहून बघायचं. तिला ते बोटही लावत नाहीत. गरजच काय? आम्ही आहोत ना!

मी स्क्वॉड लीडर. उस्ताद एवढंच म्हणाले, "प्रियदर्शनी, तुझा स्क्वॉड, तू बघ." बघते.

९ एप्रिल

वर्गात आज पोलीस खात्याची रचना. सरांनी फळ्यावर उतरंड काढली — वर महासंचालक, पार तळाला शिपाई. हुकूम वरून खाली येणार, तक्रार खालून वर जाणार, मधली एकही पायरी गाळायची नाही. "मग आम्ही प्रशिक्षणार्थी कुठं, सर?" तूबाने विचारलं. नांदेडची आहे, जिभेला हाड नाही. सर म्हणाले, "तुम्ही अजून फळ्यावर आलाच नाहीत." वर्ग हसला. मी नाही हसले. फळ्यावर नसलेल्यांतही कुणीतरी तळाला असतंच. आमच्यात कोण, ते सगळ्यांना माहीत आहे.

१० एप्रिल

तिची आंघोळीची बादली ओतून दिली. टँकरचं पाणी, दुसरी बादली मिळत नाही. खोटं कशाला लिहू — मजा आली!

१४ एप्रिल, जयंती

मैदानाला सुट्टी. वंदनेला बुद्धप्रिया मुद्दाम माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. मी जागा बदलली.

दुपारी रेणापूरहून आईचा फोन. "किनवटकडची एक पोर हाय म्हणं तुमच्यात. माय मजुरी करती तिची. आपलंच लेकरू हाय ग ते, सांभाळून घे." घेते म्हटलं. बुद्धप्रिया म्हणे आपलं लेकरू! आईला एकदा या मैदानात सरपटवलं पाहिजे. मग फोन ठेवून झोपले.

१६ एप्रिल

तिच्या बुटात खडे. कल्पना माझी, हात दुसरीचे. धावून आली तेव्हा मोजे लाल.

आमचं ठरलंय — तिनेच नोकरी सोडायची. अंतिम चाचणीआधी ती गेली पाहिजे, नाहीतर उत्कृष्ट स्क्वॉडची ढाल विसरा. तूबा तेवढी फितूर. स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिला पाजते, टाचांना हळद लावते. दटावलं तर म्हणे, "पानीच दिलं ना ताई, बंदूक थोडीच दिली!"

१९ एप्रिल

बुद्धप्रिया माझ्या कॉटपाशी आली. सावधानमध्ये उभी.

"मला प्राचार्यांपुढं पेश व्हायचं हाय."

पेश व्हायचं तर आधी स्क्वॉड लीडरची परवानगी, मग उस्ताद, मग वर. फळ्यावर होतं तसंच!

"कशाबद्दल?"

"तुमच्याबद्दल, ताई."

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "परवानगी नाही." "हाव," म्हणाली आणि गेली. भांडली नाही, रडली नाही. याचाच तर राग येतो मला!

२२ एप्रिल

ती शेवटची, आम्हाला रगडा. संध्याकाळी बराकीत तिच्या अंगावर चादर टाकून सगळ्यांनी मारलं. चादर टाकली की कोण मारतंय ते दिसत नाही. तूबा ओरडत होती, "मर जाएगी वो!" दोघींनी तिचं तोंड दाबलं. मी हात लावला नाही. कधी थांबायचं तेवढं सांगितलं.

बुद्धप्रिया उठली. तपासणीला ठेवतात तशी चादरीची घडी घातली. पण नोकरी सोडते म्हणाली नाही.

२३ एप्रिल

उस्तादांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तोंडाला काय झालं?" "पडले, उस्ताद." त्यांनी तिचा चेहरा नीट बघून घेतला. मग माझ्याकडे बघून हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

२५ एप्रिल

मला काढलं! लीडर कोण — बुद्धप्रिया!

ऑफिसबाहेर उस्तादांना गाठलं. माझं काय चुकलं?

"काई न्हाई चुकलं. मार खाऊन गप बसती, तीच पुढं स्क्वॉड चालवती. आता तिची पाळी."

"ती शेवटची येते, उस्ताद!"

"तू आलीस तवा कोण येत होती शेवटची?"

मी. सुरुवातीला मीच. चादर माझ्याही अंगावर पडली होती. इथे कधी लिहिलं नाही, लिहवलंच नाही. आता ती मला सोडणार नाही.

२६ एप्रिल

सकाळी गणतीला तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. माझ्यावर थांबली. तेवढ्यात रांगेतून तूबा खुशीत म्हणाली, "बुद्धप्रिया, आज जरा हळू पळव ग बाई!"

"रांगेत बोलायचं न्हाई," बुद्धप्रिया म्हणाली. "तूबा, बाजूला उभी रहा. बाकीच्या — कोपरांवर."

उस्ताद लांबून बघत होते. मी सगळ्यांबरोबर सरपटले. राग फार आला. तूबाचा.