लॅमिनेट केलेलं मुखत्यारपत्र

मी ऋतिक, वय सव्वीस, राहणार दहिवली, तालुका कर्जत. लग्न नाही, आई-वडील हयात नाहीत, पाय घरात टिकत नाहीत. डोकं जाग्यावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. धक्क्यात आहे, पण त्याला कायद्याची हरकत नाही असं वकीलबाई म्हणाल्या.

१. आधी कारण. सुंदराआत्या माझ्या वडिलांची बहीण, विधवा, पोटचं मूल नाही. कुंभिवलीचं तिचं घर तिला रियाला द्यायचं होतं. रियाला तिनं चार वर्षांची असल्यापासून वाढवलं, दत्तकाचा कागद मात्र कधी केला नाही. अंथरुणातून उठवेना, म्हणून तिनं मला मुखत्यार केलं. तिच्या वतीनं बक्षीसपत्रावर सही करायची, तेवढ्याच कामापुरतं. याला खास मुखत्यारपत्र म्हणतात. सगळेच व्यवहार सोपवले तर कुलमुखत्यारपत्र. मी ते लॅमिनेट करून घेतलं, सॅकमध्ये भिजायला नको म्हणून.

सोमवारी खालापूरला नोंदणी. रिया दहापासून ऑफिसात. मी निघालो, तर स्टेशनपाशी ठाकुरवाडीचा माझा दोस्त पोशा भेटला. "ठाकुरवाडीला चल रं, घाटात गाडीला मागनं इंजिनं लावत्यात, जवळनं दावतो." गेलो. तीन दिवस राहिलो. तिथल्या मधाबद्दल लिहायला घेतलं तर कागद पुरायचा नाही. रियाला फोनवर म्हणालो, "गुरुवारी करू गं, कागद पक्का हाय."

बुधवारी आत्या गेली.

तेराव्यानंतर कागद घेऊन गेलो. क्लार्कनं चष्मा कपाळावर सरकवला. "बाई कुठायत?"

"वारल्या."

"मग हा पण वारला."

"कुलमुखत्यारपत्र असतं तर?"

"कुल असो, खास असो. बाई होती तोवर तू तिचा हात होतास. आता हात कोनाचा रं?"

मी तिथंच फरशीवर बसलो. अजून पुरता उठलेलो नाही.

घर वारसानं आत्याच्या दिराकडं, भिवाजीकाकांकडं गेलं. रियाची शिलाई मशीन ओट्यावर, दाराला कुलूप. काका मला म्हणाले, "चकचकीत हाय रं तुजा कागद. फ्रेम करून लाव."

२. दहिवलीच्या दोन खोल्या वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधून माझ्या नावावर केल्या. त्या माझ्यामागं पूर्णपणे रियाच्या. तिनं मला माफ केलं नाही तरी. मशीन काल मोहियुद्दीनभाईंच्या टेंपोतून तिथं आली.

३. मी हिंडत असेन तेव्हा घरपट्टी आणि मीटरचं काम बघायला रियाला खास मुखत्यारपत्र वेगळं दिलं आहे. ते माझ्या शेवटच्या श्वासापर्यंत. पुढं हे मृत्युपत्र. आत्याकडून दोन्ही करून घ्यायला हवी होती, हे आत्या गेल्यावर कळलं.

४. माझा हिंडायचा तंबू पोशाला देणार होतो, पण साक्षीदाराला काही ठेवू नये म्हणे. तंबूही रियाला, मशीन झाकायला.

५. भिवाजीकाकांना ते लॅमिनेट केलेलं मुखत्यारपत्र. फ्रेम त्यांनीच करावी.

६. हे सगळं पार पाडायला मोहियुद्दीनभाईंना नेमतो. ते सांगितलेल्या वेळेच्या आधी येतात.

रिया बाहेर बाकावर बसली आहे. महिन्याभरानं माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "आज पोशा भेटला नाय ना वाटेत?"

"भेटला. धरूनच आणलाय, साक्षीला."

सही: ऋतिक

साक्षीदार, दोघांनी मला सही करताना पाहिलं:
१. पोशा, ठाकुरवाडी (अंगठा)
२. चंद्राबाई, आत्याची शेजारीण, कुंभिवली (सही)

कर्जत, सोमवार, १६ जून २०२५. सकाळी दहाच्या आधी.