गेस्ट, व्हिजिटर आणि पाण्याचा लोटा

कामठा, १२ डिसेंबर २०२४

चि. लोकेंद्र यास आशीर्वाद.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. पत्र मीटिंग संपेपर्यंत थांबते, म्हणून लिहितो. परवा नागपुरात तुझ्या सोसायटीच्या गेटवर मला चिन्नोर तांदळाच्या पोत्यासकट बसवले. चौकीदाराने विचारले, गेस्ट की व्हिजिटर. मी म्हणालो, बाप. तो म्हणाला, बाप यात नाही. मग तू वरून मोबाइलवर व्हिजिटर दाबलेस.

दोन्हींत फरक काय, ते कळव. नीतूला आई नाही, म्हणून बाळंतपणाला तुझी आई येणार. काय म्हणून यायचे, ते तिला माहीत असावे.

सूनबाईस जप.
तुझा बाबा, शालीकराम

नागपूर, १९ डिसेंबर

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

गैरसमज नसावा. व्हिजिटर म्हणजे कामापुरता येऊन जाणारा, प्लंबरही त्यातच. गेस्ट म्हणजे बोलावलेला. त्याची सरबराई यजमानाकडे. हॉटेलात पैसे मोजून राहणाराही गेस्टच. तुम्ही न कळवता आलात, संध्याकाळच्या गाडीने परतलात, म्हणून शब्द बरोबर होता. आईला मात्र नक्की गेस्ट टाकतो. मुक्काम लांबला तर कमिटीची पुन्हा मंजुरी घेऊ.

नीतू घाबरलेली असते. आईला लवकर पाठवा. संक्रांतीला मी येतोच.

माया आहे तशीच राहू द्यावी.
आपला लोकेंद्र

कामठा, २७ डिसेंबर

चि. लोकेंद्र यास आशीर्वाद.

फरक समजला. आईला वाचून दाखवला. ती येत नाही म्हणते. "गेस्टले सैपाकघरात कोन जाऊ देते जी?" हे तिचे शब्द. बाळही न कळवता येईल, त्याला काय दाबशील, असेही तिने विचारले आहे.

आपल्याकडे पाहुण्याला ओसरीवर पाण्याचा लोटा देतात. घरचा माणूस आत जाऊन आपले पाणी आपण घेतो. गेल्या पोळ्याला तू ओसरीवर मोबाइल पाहत बसून राहिलास. आईने लोटा आणून दिला, आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आता संक्रांतीला येतोस म्हणतोस. लोटा भरून ठेवायचा का, असे ती विचारते. काय सांगू?

तुझा बाबा

नागपूर, ३ जानेवारी २०२५

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

कमिटीशी भांडलो. तुमची आणि आईची नावे रहिवाशांत घातली. संक्रांतीची वाट पाहत नाही. रविवारी आईला न्यायला येतो.

लोटा भरू नये. पाण्याचा पितळी गुंड हल्ली कुठे ठेवता, तेवढे कळवावे.

आपला लोकेंद्र