हारामागचा कॅमेरा

३० सप्टेंबर
मी बनवलेली दुचाकी गाडी आज पडली नाही. तोल सांभाळायला सीटखाली बसवलेलं जड चाक गरगरत राहिलं आणि गाडी बिनस्टँडची, बिनमाणसाची, जागच्या जागी उभी. माझा दोस्त सादिकने खांद्याने ढकलून पाहिली. झुकली, सावरली. "बाळ्या, ही तर आपल्यापेक्षा शहाणी हाय बे!" पुण्याची नोकरी सोडून तेलगावात दादाच्या शेडमध्ये बसलोय, तेव्हापासून इतका हसलो नव्हतो.
दादा रोज विचारतो, "समोर माणूस आलं तर?" आज वाटेत कापसाचं पोतं ठेवून दाखवलं. पुढच्या कॅमेऱ्याला दिसलं, ब्रेक लागला. दादा लई खूश. आता गावभर सांगत सुटणार.

२ ऑक्टोबर, दसरा
बीड. दवाखाना. दादाचा पाय मोडला, गुडघ्याखाली. माझ्या गाडीने. पुढचं उद्या

३ ऑक्टोबर
काल पूजेला वहिनीने ट्रॅक्टर, पंप, माझी गाडी, सगळ्यांना झेंडूचे हार घातले. गाडीचा हार नेमका कॅमेऱ्यावर आला. निम्मं गाव जमलेलं. रिमोट दाबला, गाडी हलेना. लॅपटॉपवर लाल अक्षरं: समोरचं दिसत नाही. बरोबरच होतं तिचं. हार जरा सरकवायचा, बस. पण वहिनीने नुकतंच ओवाळलेलं, हाराला हात कसा लावायचा. त्यात मागून कोणीतरी, "ढकला, ढकला!" लोक हसले. माझं डोकं फिरलं. लॅपटॉपवरून गाडीचं समोरचं बघून थांबणंच बंद करून टाकलं. रस्ता मोकळा आहे, वडापर्यंत जाऊन येईल, म्हटलं.
गाडी निघाली. टाळ्या. आणि दादा रस्त्यात जाऊन उभा. हात कमरेवर, तोंड लोकांकडे. "बघा आता, कशी थांबती!"
मी ओरडलो. बंद करायचं बटण दाबेपर्यंत...

५ ऑक्टोबर
सगळे हारालाच दोष देतात. वहिनी तर स्वतःलाच. "माझ्याच हातानं डोळे झाकले तिचे," म्हणून रडते. जेवत नाही. मी शेजारी बसलेला, तोंडात मूग धरून. लाज वाटते स्वतःची.
संध्याकाळी सादिकला खरं सांगितलं. दवाखान्याबाहेर चहा घेत होतो, त्याने कप खाली ठेवला. "मग वहिनीला काहून सांगत न्हाईस बे? लई वाईट करायलास."
मी चहाचे पैसे देऊन आत गेलो.

८ ऑक्टोबर
दादाला घरी आणलं. कापूस फुटलाय, वहिनी एकटीच वेचायला जाते.
दुपारी ती शेडमध्ये पोतं ठेवायला आली, तेव्हा सांगून टाकलं. सगळं. शिव्या देईल वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने पोतं भिंतीला टेकवलं. मग म्हणाली, "भाऊजी, ह्यांना सांगू नका. तुमच्या भरोशावर उभे ऱ्हायले ते. हाराचंच ऱ्हाऊ द्या."
"पण वहिनी, लोक तुमाला..."
"मी घीन ऐकून."
तेवढ्यात ओसरीवरून दादाची हाक, "बाळ्या! पाय बरा झाला की परत मीच उभा ऱ्हातो समोर. त्याबिगर लोकांना खरं वाटायचं न्हाई."
वहिनीने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघत राहिली.
मी ओसरीवर गेलो. दादाने मोडलेला पाय हाताने उचलून कडेला घेतला आणि बाजेवर मला बसायला जागा केली.