पश्चिम भिंतीचं उत्तर

कणकवली,
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुशांतदादा,

आई बरी आहे. भातकापणी आटोपली. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र गुरुदासच्या हाती देते आहे. काल खाणीत घडलं ते आधी क्रमाने:

१. पश्चिम भिंतीच्या माथ्यावरची भेग मोजली. आठवड्यात नऊ मिलिमीटरने रुंदावली आहे.
२. कामाआधी मुकादम बाबलीने तळाशी खाणीच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं. आम्ही सातजण होतो.
३. "सगळ्यांका सुखरूप वर हाड," तो म्हणाला. आम्ही "होय म्हाराजा" म्हटलं.
४. भिंतीतून "नाय" आलं.

चौथ्याचं कारण मी शोधलं. भिंतीमागे पोकळी असली की आवाज बिघडून परततो. पोकळी आहेच, हातोडीने ठोकलं की खडक भोपळ्यासारखा वाजतो. तू भिंतीत मारून घेतलेले बोल्ट तीन मीटरचे आहेत आणि भेग पाच मीटर मागे उतरते. म्हणजे सुटलेला खडक आपण सुटलेल्या खडकालाच बांधला आहे, डोंगराला नाही. वर नवी जाळी लावल्याने त्यात फरक पडत नाही.

बाबलीला हे समजावलं. त्याने विडी पेटवली.

"तुझी पोकळी खरी गो बाय. पण 'होय'चो 'नाय' कसो झालो?"

मी पुन्हा हातोडीने भिंत ठोकून दाखवली.

"इतकी वर्सां बाबांच्या बाजूक उभो रवलंय. त्यांचो आवाज मी वळखूचंय नाय काय?"

दोन वर्षांपूर्वी ही भिंत कोसळली तेव्हा गाऱ्हाणं बाबाच घालत होते. ते सापडले नाहीत. तू ढिगारा तसाच दाबून त्यावरून रस्ता काढलास. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही, आताही बोलायला नको.

नकार देताना बाबा आधी हलकेच खाकरायचे, आठवतं? माझ्या अहवालात मी एक गोष्ट लिहिलेली नाही. काल भिंत आधी खाकरली.

सोमवारपासून तू पूर्ण पाळी त्या भिंतीखाली उतरवणार आहेस. मॅनेजर तू आहेस, थांबवायला तुझी एक सही पुरते. बाबली पुन्हा गाऱ्हाणं घालायला तयार नाही. मीही तिथे उभी राहणार नाही.

काम थांबवतोस की नाही, एवढंच शनिवारी संध्याकाळपर्यंत लिहून कळव.

बाबांची धाकटी,
अनुजा