संजना घरी आहे

शारजा,
२५ जून २०००

प्रिय कुंदाताई,

तुला आणि भावजींना नमस्कार. बारावीच्या मार्कांबद्दल स्वप्नालीला मामातर्फे पेढा भरव. इकडे उकाडा असा, की वर्कशॉपमधला पत्रा हाताला चटके देतो. छायाचे गुडघे तसेच. संजना सध्या घरी आहे.

तू विचारतेस, पोरीला डॉक्टरकीला घालून शेवटी हाती काय लागतं? त्यापेक्षा कॉम्प्युटर बरा का? अक्षर तुझं, पण आवाज मला भावजींचा ऐकू आला!

तर ऐक. संजना रजेवर नाही. तिला काढलं.

बांधकामाच्या साइटवरचे कामगार तिच्या क्लिनिकमध्ये यायचे. संडास लांब, म्हणून ही माणसं उन्हात पाणीच पीत नाहीत; मग मूतखड्याने कळवळतात. कंपन्यांना हवं एक इंजेक्शन आणि 'फिट'चा शिक्का. संजना रजा लिहायची. पहिली कुणाला? माझ्याच जहूरला, एसीचे डक्ट बसवणाऱ्या! ऐन ऑर्डरच्या डिलिव्हरीत आठवडाभर! मी घरी येऊन तडकलो. तर जेवता जेवता म्हणते, "पप्पा, ही इज माय पेशंट. यू आर ओन्ली हिज बॉस." लेकीच्या या उत्तरावर छायाला हसून हसून ठसका लागला.

पुढे क्लिनिकच्या मालकाने बजावलं, 'फिट' लिही, नाहीतर खलास. तिने लिहिलं नाही.

परवा कॅफेटेरियात माझ्या मागे दोन कॉन्ट्रॅक्टर बोलत होते, "वो मराठी डॉक्टरनी गई, अच्छा हुआ." माझे कान तुला ठाऊक आहेत. वळून म्हटलं, "गई कहाँ, हबीबी? मेरे घर में है. पथरी हो जाए तो आ जाना." एकाने संध्याकाळपर्यंत माझी ऑर्डर रद्द केली. करू दे.

सत्तावीस वर्षांची पोर, व्हिसा पुन्हा बापाच्या नावावर. तिच्या वर्गातले कॉम्प्युटरवाले अमेरिकेत पोचले. दोन मुलाखती झाल्या. पहिली नोकरी का सुटली, असं दोन्हीकडे विचारलं. ती खरं तेच सांगून आली. दोन्हीकडून नकार. आता तिसरीकडे जाणार आहे, आणि तिथेही खरंच सांगणार आहे. मीच सोडून येणार आहे तिला.

ताई, स्वप्नालीला एवढंच विचार: पगार देणारा डोळे वटारून समोर उभा असताना 'हा माणूस आजारी आहे' असं लिहिशील का? लिहीन म्हणाली, तर बिनघोर घाल मेडिकलला. भावजी कुरकुरले तर मला फोन लाव.

आणि कुणी संजनाची चौकशी केली तर झाकू नकोस. काढलं म्हणून सांग. का काढलं, तेही सांग.

तुझा भाऊ,
नोकरीवरून काढलेल्या डॉक्टरचा बाप,
गुणवंत