दहा सामन्यांची बंदी आणि माझा चष्मा

कॅल्डर क्रीक, सस्कॅचेवान
१२ डिसेंबर

ती. स्टेफाताईस,

धाकट्या मायरनचा नमस्कार, आणि तो तू घ्यावास अशी आधीच विनंती. (फोनवरच केला असता, पण त्यासाठी तू फोन उचलायला हवास. गेले चोवीस दिवस तू तो उचललेला नाहीस, म्हणून पोस्टाला त्रास.) तुझा गुडघा आता कसा आहे? विनिपेगात थंडी कितपत? इथे उणे सत्तावीस आहे, वारा धरला तर विचारूच नकोस. माझी तब्येत ठीक आहे. गावात कुणी विचारत नाही, म्हणून तुला कळवतो.

तू माझ्यावर रागावली आहेस ते रास्तच आहे. ज्या मामाने भाच्याला बर्फावर उभं राहायला शिकवलं, त्यानेच रेडिओवर भाच्याला दहा सामने बाहेर बसवा म्हणून सांगावं, हे ऐकून कुठल्याही आईचं डोकं फिरेल. पण ताई, माझी बाजू तू अजून ऐकलेली नाहीस. लीगसुद्धा खेळाडूला शिक्षा देण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घेते. तू तर सुनावणीही न घेता मला बेमुदत घरी बसवलंस.

तर झालं असं. आमचं सकाळच्या कॉफीचं टेबल तुला माहीत आहे. रिंकच्या कँटीनमध्ये खिडकीजवळचं, ज्याचा एक पाय आखूड आहे ते. एकवीस वर्षं आम्ही तिथे बसून देशातल्या आइस हॉकीच्या प्रत्येक धोकादायक टकरीचा निकाल लावतो. लीग आमचं ऐकत नाही, ही लीगची चूक. पूर्वी निकाल लागायच्या आधीच भांडणं लागायची, कारण ज्याचा जो संघ, त्याचा तो खेळाडू निर्दोष. शेवटी कँटीन चालवणारी ग्वेन वैतागली आणि तिने नियम घातला: टीव्हीचा आवाज बंद, नावं घ्यायची नाहीत, ती सांगणार की निळ्याने पांढऱ्याला असं असं केलं, आणि किती सामन्यांची बंदी, तो आकडा प्रत्येकाने तिथल्या तिथे सांगायचा. एकदा सांगितलेला आकडा मागे घेता येत नाही. (सहा वर्षांपूर्वी एकाने मागे घेतला होता. तो आता पोस्टाशेजारच्या हॉटेलात कॉफी पितो.)

आकड्यांचं म्हणशील तर लॉर्न नेहमी दोन म्हणतो. कुणी कुणाचे दात पाडू दे, गुडघ्यात गुडघा घालू दे, लॉर्नचे आपले दोन. त्याचं म्हणणं, खेळ वेगाचा आहे, पोरं तरुण आहेत, समोरच्यानेही डोकं वर ठेवून खेळावं. मी नेहमी दहा म्हणतो. माझं म्हणणं, कडेच्या फळीपासून हातभर अंतरावर कुणी पाठमोरा असेल तर त्याला मागून ढकलणं हा खेळच नव्हे, मग तो उठून चालू लागो की स्ट्रेचरवर जावो. यावर आमचं हजार वेळा वाजलंय. लॉर्न म्हणतो, किती लागलं त्यावर शिक्षा ठरव. मी म्हणतो, दगड मारला तो चुकला, म्हणून मारणारा काय साधू झाला? (लॉर्नचा डावा खांदा वर जात नाही, आणि तो कुणामुळे जात नाही, हे तुला ठाऊक आहे. एकोणऐंशी सालच्या फायनलला तू स्टँडमध्ये होतीस. पण जुनी प्रकरणं टेबलावर काढायची नाहीत, असाही ग्वेनचा नियम आहे, आणि तो मला सोयीचा आहे.)

त्या दिवशी सकाळी मी रिंकवर बर्फ सपाट करायची गाडी फिरवली आणि थेट कँटीनमध्ये शिरलो. आता गारठ्यातून उबेत आलं की चष्म्याचं काय होतं ते तुला सांगायला नको. वाफ धरली. समोर काही दिसेना. आदल्या दिवशीचा सामना मी पाहिलाच नव्हता, कारण घर तापवणारी भट्टी बंद पडली होती आणि मी तळघरात तिच्यासमोर गुडघे टेकून बसलो होतो. ग्वेनने आकडा विचारला. निळ्याने पांढऱ्याला मागून, फळीवर, पांढरा उठलेला नाही, एवढंच तिने सांगितलं. लॉर्न म्हणाला, दोन. मी मूठ आपटून म्हणालो, दहा, आणि निळ्याला वाढवणाऱ्यांनाही जरा विचारा. (हे शेवटचं वाक्य रेडिओवाल्यांनी कापलं, त्याबद्दल त्यांचे आभार मान.) मग मी चष्मा पुसला. तर सत्तावीस नंबर, आणि जर्सीवर आपल्या रोमनचं नाव.

शेजारच्या टेबलावर आमच्या रेडिओचा माणूस यंत्र चालू ठेवून बसलाय, हे मला कसं कळणार? तो म्हणे लहान गावातल्या हॉकीप्रेमावर कार्यक्रम करत होता. दुपारपर्यंत साऱ्या प्रांताला कळलं की सख्ख्या मामाने दहा मागितले.

पुढचे हाल ऐक. माझी गाडी लावायच्या जागेवर कुणीतरी बर्फात भला मोठा दहा कोरला. कर्लिंगच्या संघाने मला राखीव केलं. चर्चच्या जेवणात बायकांनी मला बटाटा भरलेले पिरोही मोजून दहा वाढले, आणि अकरावा मागितला तर फादरच्या बहिणीने सांगितलं की नियम म्हणजे नियम. त्याच विचारात मी दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन बर्फावर उतरलो, आणि पाण्याचा नळ उघडा ठेवून निम्मा फेरा एकाच जागी उभा राहिलो. त्या कोपऱ्यात बर्फाचा उंचवटा झाला. लॉर्नने तो माझ्याबरोबर दोन तास खरवडला, एका हाताने.

आता मुद्द्याचं. रोमनला सहा सामने मिळाले ते माझ्यामुळे, असं तू सगळ्यांना सांगतेस. ताई, लीगच्या लोकांना कॅल्डर क्रीक नकाशावर सापडणार नाही. सहा मिळाले ते रोमनमुळे. त्याने तुला सांगितलेलं नाही, कारण तो तुला घाबरतो (आपण सगळेच घाबरतो). सुनावणीआधी त्याला पढवून ठेवलं होतं, की ज्याला ढकललं तो फिनलंडचा पोरगा, ओस्कारी, ऐनवेळी वळला असं म्हण. तूही गल्लीभर तेच सांगत होतीस. तसं म्हटलं असतं तर तीन सामन्यांत भागलं असतं. फोनवर लीगच्या माणसाने विचारलं, आणि आपला रोमन म्हणाला, "त्याची पाठ मला दिसली होती. थांबायला वेळ होता. मी थांबलो नाही."

हे त्याने मला स्वतः सांगितलं, आणि मी एवढा मोठा माणूस कॉफीच्या कपात रडलो. तू पोरगा चांगला वाढवला आहेस, ताई. ते कापलेलं वाक्य मी मागे घेतो. आकडा मागे घेता येत नाही, पण वाक्याचा नियम नाही.

आणि ओस्कारी सुधारतोय. पहिले पंधरा दिवस खोलीचे पडदे लावून पडून होता, उजेड सोसत नव्हता. आता फिरायला जातो, आणि गेल्या मंगळवारी डॉक्टरांनी त्याला एकट्याला हळूहळू बर्फावर सोडलं. रोमन त्याला एक दिवसाआड फोन करतो. आधी दोघं नुसतं हवामानावर बोलायचे. आता तो रोमनला फिन्निश शिव्या शिकवतो, म्हणजे गाडी रुळावर आली.

गुडघ्याला जप. बर्फ पडलं असेल तेव्हा पायऱ्या उतरू नकोस.

तुझा (अजून असलो तर) भाऊ,
मायरन

ता.क. पत्र खरं यासाठी लिहिलं. रोमनचा संघ सात जानेवारीला विनिपेगात खेळणार, म्हणजे सहाच्या संध्याकाळी, आपल्या जुन्या युक्रेनी पंचांगाच्या नाताळच्या जेवणाला, तो घरी असेल. तुझ्या टेबलावर दरवर्षी एक ताट जास्तीचं मांडलेलं असतं, वाट चुकून आलेल्या पाहुण्यासाठी. आईच्या वेळेपासून बघतोय, त्या ताटावर आजवर कुणी बसलेलं नाही. ओस्कारी तुझ्या घरापासून चार बसथांबे दूर एकटा राहतो, आणि त्याला इतक्यात विमानात बसायची परवानगी नाही. रोमनला तुला विचारायचा धीर होत नाही. तूच त्याला सांग. आणि त्या पोराने पाठ फिरवली होती वगैरे त्या दिवशी काढू नकोस.

ता.क. २. जमलं तर आणखी एक ताट मांड. सहा तास गाडी चालवायला मी तयार आहे. लॉर्नचं मत आहे की माझ्यासारख्याला दोन आठवडे बंदी पुरे होती, आणि ती मी केव्हाच भोगली.

ता.क. ३. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून हे लिहितोय. गाडीवर असताना मी चष्मा कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो, म्हणजे तो उबदार राहतो आणि त्यावर वाफ धरत नाही. रोमन सहा वर्षांचा असताना माझ्या मांडीवर बसून फेऱ्या मारायचा, तेव्हा तो खिसा सांभाळायचं काम त्याचंच होतं. त्यामुळे रेडिओवर माझी वाफेची सबब ऐकल्याबरोबर त्याला कळलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी त्याने फोन करून एवढंच विचारलं, "मामा, तुला नंबर दिसला होता ना?" मी हो म्हणालो. सत्तावीस स्वच्छ दिसला होता, ताई. समोर लॉर्न उजव्या हाताने कप उचलत होता. त्याची पाठही मला दिसली होती, एकोणऐंशी साली, मीही थांबलो नव्हतो, आणि तेव्हा आपल्या घरातलं कुणीही दहा म्हणालं नाही.